बर्फ टिकतो की मिशी

खारवाडी बंदरात संध्याकाळचे सात वाजले की ट्रान्सफॉर्मरवर भार चढे, फ्यूज उडे आणि सारी वाडी अंधारात बसे. कारण त्याच वेळी भागाबाईची पिठाची गिरणी चाले आणि विसूशेठचा बर्फाचा कारखानाही. वीज कंपनीचे साहेब म्हणाले, "तेवढा एक तास दोघांपैकी एकानं बंद ठेवा."

"गिरणी बंद करा," शेठ मिशीला पीळ देत म्हणाला. "माझं यंत्र तासभर थांबलं तर बर्फाचं पाणी होईल."

भागाबाई पुढे झाली. बायका मासळी विकून सातलाच परतत, दळण तेव्हाच येई. तो तास गेला म्हणजे गिरणीच गेली.

"शेठ, सकाळी धक्क्यावर काय म्हणालात? माझा बर्फ गोणपाटात, भर उन्हात चार तास टिकतो, नाही टिकला तर मिशी उतरवीन."

"म्हणालो! साऱ्या बंदरानं ऐकलंय!"

"मग तुमच्या बंद खोलीत एक तास टिकत नाही होय? टिकतो म्हणा, नाहीतर न्हाव्याला बोलावते."

साहेबांना हसू आवरेना. शेठनं मिशीवरचा हात गुपचूप खाली घेतला.

तेव्हापासून सात ते आठ कारखाना थांबतो, गिरणी चालते आणि वाडीत दिवे जळतात. बर्फ आहे तसाच आहे, आणि मिशीही.