कुंडातल्या तीर्थाची कहाणी

ऐक ग जिवतीमाये, तुझी गोष्ट तुलाच सांगते. बायांनो, तुम्हीही ऐका.

आटपाट म्हणावं असं एक नगर. तिथं टेकडीवर जिवतीचं देऊळ. श्रावणातल्या शुक्रवारी देवीला दुधादह्यानं न्हाऊ घालावं, ते गोमुखातून कुंडात पडावं, आणि तेच तीर्थ पळीपळीनं लेकरांच्या तोंडी घालावं, असा रिवाज. कुंड कधी उपसायचं नाही. देवीचं न्हाण फेकून कसं द्यावं?

त्या नगरात दोघी जावा होत्या. थोरली भिवरा, तिला एक मुलगा. धाकटी द्वारकी, तिला तान्ही मुलगी.

पहिला शुक्रवार आला. तीर्थ दिलं. भिवराच्या मुलाला हागवण लागली. मग मूल गेलं. सासू म्हणाली, "ओवाळताना तुझा पुरणाचा दिवा विझला. देवी कोपली." भिवरानं तो दोष पदरात घेतला. मूल गेलेली बाई काय बोलणार?

दुसरा शुक्रवार आला. तीर्थ दिलं. आळीतली मुलं आडवी पडली. गुरव म्हणाला, "आयांनी सोवळं पाळलं नाही." मग आया एकमेकींच्या लुगड्यांकडे बघायला लागल्या. द्वारकीची तान्हीही ओकली, सुकली, कशीबशी वाचली. सासू म्हणाली, "बघ, देवीनं तारलं."

द्वारकीनं विचारलं, "मग आजारी कुणी पाडलं, आत्याबाई?"

"तुझ्या मनातल्या शंकेनं."

द्वारकी विचारात पडली. वाचलं तर देवीची कृपा, गेलं तर आईची चूक. हा कुठला न्याय? देवी चुकत नाही, गुरव चुकत नाही, कुंड तर चुकतच नाही. चुकायला आयाच तेवढ्या उरल्या! तिला राग आला. मग रागाचीच भीती वाटली. मी कोण मोठी शहाणी, माझंच चुकत असेल, असं तिनं मनाला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मन ऐकेना.

मग ती वेशीबाहेर गेली. तिथल्या लोकांना देवळात येऊ देत नसत. त्यांची मुलं चिखलात लोळत होती, धडधाकट होती. द्वारकीनं विचारलं, "बायांनो, तुमच्याकडे कुणी आजारी?"

"नाही बाई. आम्हांला कुठलं तीर्थ? आम्ही झऱ्याचं पाणी पितो. नशीबच आमचं म्हणायचं!"

द्वारकीनं घरी येऊन सांगितलं. सासू म्हणाली, "त्यांच्याकडे देवी बघतच नाही, मग कोपेल कशाला?" काहीही होवो, उत्तर तयार!

तिसरा शुक्रवार आला. गुरवानं पळी भरली. सासूनं तान्हीची हनुवटी धरली. द्वारकीनं मुलीच्या तोंडावर हात ठेवला.

"हात काढ."

"नाही काढत."

"घराबाहेर काढीन."

"काढा."

गुरव ओरडला, "देवीची परीक्षा बघतेस?"

"देवीची नव्हे, पाण्याची बघते."

पायरीवर एक म्हातारी बसली होती. कपाळभर कुंकू, अंगावर फाटकं लुगडं. ती म्हणाली, "गुरवबुवा, एवढं गुणाचं तीर्थ, आधी तुम्हीच घ्या की."

"आज माझा उपास आहे."

"तीर्थानं उपास मोडतो, हे मला आजच कळलं!"

बायका हसल्या. मग पळीत डोकावल्या. पळीत अळी वळवळत होती. हसू जागीच विरलं.

मग म्हातारी उठली. तिच्या डोळ्यांत विस्तव पेटला. "पोट बिघडलं की माझा कोप, बरं वाटलं की माझी कृपा. मला कुणी विचारलंत? नासकं दूध तुम्ही पाजता, आणि मूल मेलं की माझं नाव सांगता? मी लेकरं राखणारी ना? मग मीच मारते, हे कुणी पाहिलं?"

सगळ्यांनी देवीला ओळखलं, पाय धरले. भिवरा पुढं आली. "माये, दिवा विझला म्हणून गेला का ग माझा मुलगा?"

"नाही, बाई. दिवा वाऱ्यानं विझला."

"मग उठव त्याला."

दुसऱ्या कहाण्यांत अशा वेळी देवी तांदूळ टाकते, मूल हसत उठून बसतं. इथं नाही उठलं. सांगताना मलाही बदलावंसं वाटतं, पण कसं बदलू? देवी मान खाली घालून भिवराजवळ बसून राहिली. सासू जवळ आली, "चुकले ग," म्हणाली. भिवरानं तिच्याकडे पाहिलं नाही.

मग नगरानं कुंड उपसलं, राखेनं घासलं. झऱ्याचं पाणी आणलं, उकळलं, निववलं, मुलांना दिलं. वेशीबाहेरच्या बायाही त्या दिवशी पायऱ्या चढून आल्या. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

द्वारकीनं हात जोडले. "माये, तुझा वसा सांग."

देवी म्हणाली, "श्रावण येईल, शुक्रवार येईल. मला ओवाळ, पुरण कर, गाणी म्हण. शंका आली तर विचार, विचारणारीला गप्प करू नको. दुःखात पडलेल्या आईच्या माथी दोष मारशील, तर तुझी पूजा मला पोचायची नाही. आणि मूल आजारी पडलं तर आधी वैद्याकडे धाव. मग माझ्याकडे ये. मी थांबेन."

द्वारकीच्या तान्हीला आयुष्य लाभलं, तसं तुमच्या-आमच्या लेकरांना लाभो. भिवराचं दुःख कुणाच्या वाट्याला न येवो. आलंच, तर तिला कुणी बोल न लावो. साठा प्रश्नांची ही कहाणी पाचा उत्तरी सुफळ झाली. उरलेले प्रश्न विचारत राहा, बायांनो.