छबूचे डोळे आणि मोराचा पिसारा

एका गावात एक भोळा बाप होता. भिवबा त्याचं नाव. सांगितलेलं तो सगळं ऐकायचा, आणि घोटाळा तिथूनच सुरू व्हायचा.

त्याच्या लेकीला, छबूला, डोळ्यांची साथ लागली. तीही नेमकी शाळेचं संमेलन तोंडावर आलं असताना! छबू त्यात मोर होणार होती. तिची आई सगुणा हिनं कागदाचा पिसारा खळीनं चिकटवून तयार ठेवला होता. लाल डोळे चोळत छबू येता-जाता तो अंगावर चढवून बघायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आपोआप बरं होतं. फक्त दुसऱ्यांना लागू देऊ नका. शाळेत पाठवू नका आणि हिचा टॉवेल वेगळा ठेवा."

सगुणा खुरपणीला गेली. भिवबानं नवा टॉवेल आणला, ट्रंकेत वेगळा ठेवला आणि वर कुलूप लावलं. छबूचं तोंड पुसलं ते घरातल्या सगळ्यांच्या टॉवेलानं. सगुणाचेही डोळे लाल झाले.

"अवो, तिचं ते तिलाच वापराया द्यायचं!" सगुणा ओरडली.

"हां, असं व्हय!" भिवबा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायला सांगितले होते. भिवबानं एक बोळा घेतला आणि दोन्ही डोळे पुसले. दुसऱ्या दिवशीही तोच बोळा. तिसऱ्या दिवशीही तोच.

"तिचा हाय, तिलाच वापरतोय," तो डॉक्टरीणबाईंना ऐटीत म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, एकदा वापरला की टाकून द्यायचा!"

"हां, असं व्हय!"

छबू जेवली. ताटली उकिरड्यावर गेली. ती पाणी प्यायली. तांब्या गेला. झोपून उठली, तर उशी गेली. शेजारची म्हैस ती उशी चघळत उभी राहिली.

"अवो, टाकताय काय?" सगुणा रडकुंडीला आली. "पोरीनं वापरलेलं गरम पाण्यात साबण लावून धुवायचं. टाकायचं न्हाई!"

"हां, असं व्हय!"

ह्या खेपेला मात्र भिवबानं खरंच सगळं नीट धुतलं. लेकीवर त्याचा जीव होता. छबूचे डोळे निवळले, सगुणाचेही निवळले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा, खुशाल नाच!" छबूनं उड्याच मारल्या.

संमेलनाच्या दिवशी सगुणा जागा धरायला पुढं गेली. जाताना तिनं बजावलं, "छबूला पिसाऱ्यासकट घेऊन या."

भिवबानं पिसारा उचलला आणि त्याला एकदम आठवलं. डोळे आलेले असताना छबूनं हा घातला होता! आता शाळेतल्या सगळ्या पोरांना साथ लागणार! त्यानं घाईघाईनं पाणी तापवलं, साबण काढला आणि काम उरकलं.

शाळेत गुरुजी धावतच आले. "अहो, मोराची पाळी आली! पिसारा कुठाय?"

छबू बापाकडे बोट दाखवून हुंदके देत होती. भिवबानं हातातली बादली पुढं केली. आत निळा-हिरवा लगदा तरंगत होता.

"ह्यो घ्या गुर्जी," तो छाती फुगवून म्हणाला. "सोच्छ धुतलाय. आन् एक पीससुदिक टाकलं न्हाई."