ऐंशीवरचा खड्डा

"चाचा, ऐंशीवरचा खड्डा कसा भरू?"

दस्तगीरचाचांनी डोळे बारीक केले. "तुला ऐंशीला पडला व्हय? मला ब्याऐंशीला पडलाय. डाव्या कानात. भरत न्हाई."

"वयाचं नाही हो! ऐंशी हर्ट्‌झ. खर्जातला सूर. नेमका तेवढाच या खोलीत गायब होतो."

"हां..."

दस्तगीरचाचा मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढतात. तारेखाली बारीक दोरा सरकवायचा आणि तार मोकळी गुंजेपर्यंत थांबायचं; तोवर जवारी बंद. साठ वर्षं हेच केलं. शिरीष आवटी हा निवृत्त इंजिनिअर त्यांचा शागीर्द. सहा महिने दर रविवारी दुकानात जाऊन बसतो. आजवर त्याला दोरा तोडण्यापलीकडे काही मिळालेलं नाही.

आज मात्र त्यानेच गुरूला घरी आणलं होतं. कान उसना घ्यायला. आणि खरं सांगायचं तर, थोडं दाखवायलाही.

दाखवण्यासारखं होतंच. भिंतींवर जाड गाद्या. दाराला कडेने रबर. समोर छातीएवढे दोन स्पीकर, मधोमध एकच खुर्ची, आणि खुर्चीवर माईक.

"ऐका." शिरीषने बटण दाबलं.

ऊऊऊऊ... करत एक आवाज पाताळातून निघाला आणि शिट्टी होऊन छताला गेला. लॅपटॉपवर रेघ उमटली. गवंड्याच्या सुतासारखी सरळ, फक्त एका जागी खचलेली.

"कुनाचं गानं?"

"गाणं नाही, चाचा. मोजणी."

"आनि गानं?"

"खड्डा भरला की लावणार."

"कवापासनं भरतोयस?"

"दीड वर्ष... एकशे बारा मोजण्या झाल्या."



आजच शिरीषच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. पद्मजाताईंनी साडी मागितली नव्हती, हॉटेल मागितलं नव्हतं. त्या खोलीत दोघांनी बसून एक अख्खं गाणं ऐकायचं, एवढंच मागितलं होतं. मागच्या वर्षीही तेच मागितलं होतं, पण तेव्हा खड्डा दुप्पट खोल होता. सकाळी त्या म्हणाल्या होत्या, "अहो, आज नाही लागलं, तर मी परत मागणार नाही." हे ऐकून शिरीषला वाटलं, बरं झालं, घाई गेली. हे सांगताना मला या माणसाचा फार राग येतो.

चाचांनी माईक उचलला आणि ते खुर्चीत बसले.

"अहो, उठा उठा! माणूस बसला की रेघ बदलते!"

"मग ऐकनार कोन?"



चाचांनी गाद्यांवरून नजर फिरवली. दाराचं रबर पाहिलं.

"इंजिनेरसाहेब, जवारी बंद हाय."

शिरीष समजुतीने हसला. "स्पीकरला जवारी नसते, चाचा."

"मी कुटं स्पीकरचं म्हनलो?"

शिरीषने पुन्हा बटण दाबलं. ऊऊऊऊ... आणि तेवढ्यात दाराचं रबर कुरकुरलं. दोन्ही हातांत ट्रे, म्हणून पायाने दार ढकलत पद्मजाताई आत आल्या.

"अगं, मोजणी चालू..."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. खचलेली रेघ वर आली होती.

"बाहेर जा!"

"काय?"

"बाहेर जा, दार लाव. आता परत ये!"

बंद दाराशी खड्डा. उघड्या दाराशी रेघ वर. तीनदा गेल्या, तीनदा आल्या. चहावर साय धरली.

"दार!" शिरीष ओरडला. "दीड वर्ष मी भिंती बदलतोय, आणि दार! चाचा, खर्ज मोकळा झाला!"

"चहा ठेवते आणि जाते मी," पद्मजाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं, कारण राग असता तर आशाही असती.

"थांब! हलू नकोस. दार अस्संच धरून ठेव."

टेबलाच्या खणातून कोनमापक काढून तो उंबऱ्याशी पळाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच तो बायकोसमोर गुडघ्यावर बसला होता, आणि फरशीवर खडूने रेघ मारत होता.

"चाचा, चटकन सांगा. किती ठेवू उघडं? तीस अंश? पंचेचाळीस?"

चाचा सावकाश खुर्चीतून उठले. माईक शिरीषच्या हातात दिला. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग दारात अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर उभ्या असलेल्या पद्मजाताईंकडे. ट्रेमधला कप उचलून त्यांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली...

"चहा आत येईल, आनि आननारी बसंल, एवढं."