चपलेचा नांगर

विषय : पावसाळ्यात बंदरावरच्या एकमेव छपराखाली कोणती होडी राहील, याबाबत.

होड्या स्वतःच अर्ज करीत, त्या काळचे हे प्रकरण आहे. अर्जदार दोन : जुनी लाकडी गंगू आणि नवी सडपातळ चपला. दोघीही शिडाच्या. बंदराचा कारकून खेकडा. त्याने ठरवले की, दीपगृहाला वळसा घालून जी आधी धक्क्याला लागेल, छप्पर तिचे.

"काकू, तुम्ही पोचेपर्यंत पावसाळा संपेल," चपला म्हणाली.

"तू हो पुढे, बये. मला वाटेत जाळं टाकायचंय."

वेग वाढावा म्हणून चपलेने पाण्याचे पिंप समुद्रात फेकले. मग नांगर फेकला. शेवटी तिला हाकणाऱ्या पोशा तांडेलालाही फेकले, तेही तो जेवत असताना. गंगूच्या जाळ्यात हे सगळे आले, पोशाच्या ताटासकट.

चपला पहिली आली, पण थांबायला नांगर नव्हता आणि शीड उतरवायला तांडेल नव्हता. ती धक्क्यासमोरून तशीच पुढे गेली. तिसऱ्या दिवशी गंगू धक्क्याला लागली आणि छप्पर तिला मिळाले.

तेवढ्यात चपला पुन्हा समोरून गेली. "काकू, माझा नांगर!"

"घे गं, फेकते!"

"थांबा," खेकडा म्हणाला. "सापडलेली वस्तू अर्जाशिवाय देता येत नाही. अर्ज धक्क्यावर समक्ष द्यावा."

"थांबता आलं असतं, तर नांगर कशाला मागितला असता?"

"हा मुद्दा अर्जात लिहावा."

चपला दर भरतीला समोरून जाते आणि अर्ज ओरडून सांगते. पावसाला चार दिवस उरले आहेत. अर्ज प्रलंबित आहे.