श्रीखंडवाल्याचं विरजण

एकदा एका श्रीखंडवाल्याने आपल्या वृद्ध गुरुजींना दुकानात बोलावलं. लहानपणी तो त्यांच्याच पायाशी बसून शिकला होता, तेव्हा दुकानाची नवी पाटी त्यांच्या हातूनच लागावी अशी त्याची इच्छा. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिच्यावरचा रंग अजून ओला होता आणि अक्षरं होती, 'वडिलांपासूनचे अखंड विरजण'.

गुरुजी आले तेव्हा अनसाबाई मालकापुढे उभी होती. सहा वर्षं तिने या दुकानात दूध तापवलं, विरजण लावलं, चक्का टांगला. आता हात कापू लागले म्हणून ती काम सोडत होती. ग्रॅच्युइटी मिळाली तर घरावर पत्रे घालून ती आपल्याच घरात राहणार होती, नाहीतर जावयाच्या दारी जाणं आलं. पण मालक व्यवहाराला पक्का.

"पाच वर्षं सलग लागतात, बाई. मध्ये चार महिने दुकान बंद होतं, तो खंड पडला. त्यानंतरची तीनच भरतात. नियमापुढे माझा नाइलाज आहे."

द्यायचं नसलं की माणसाला नियम कसे तोंडपाठ येतात! अनसाबाईने पदराने डोळे टिपले आणि ती निघून गेली.

गुरुजी पुढे झाले. कोपऱ्यातलं ओलं फडकं त्यांनी उचललं आणि पाटीवरचा 'अखंड' हा शब्द पुसून टाकला.

"अहो गुरुजी, हे काय केलंत?" शिष्य कळवळला.

"चार महिने दुकान बंद होतं ना तुझं? मग अखंड कसं?"

"बंद होतं, बायकोच्या उपचारासाठी परगावी होतो आम्ही. पण विरजण एक दिवस मोडलं नाही, गुरुजी! अनसाबाईने घरी नेलं होतं. रोज पदरचं दूध घालून तिने ते..."

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, कुलूप तू लावलंस. तिला पगार नव्हता, तरी तुझ्या वडिलांची ठेव तिने जपली. ते दिवस पाटीवर तू आपल्या नावे लावतोस, मग तिच्या सेवेत का धरत नाहीस? मालकाने दार बंद केलं म्हणून चाकराची सेवा तुटत नसते. आणि हे देताना दान करतोस असं मनात आणू नकोस. ती तिची कमाई आहे."

श्रीखंडवाला रक्कम घेऊन स्वतः तिच्या घरी गेला. अनसाबाई भांडीकुंडी बोचक्यात बांधून बसली होती. पैसे पाहून ती गोंधळली.

"मालक, पन मधी खंड पडला हुता न्हवं?"

"दुकानाला पडला होता, अनसाबाई. तुम्ही कुठे थांबला होता?"

तो खाली बसला आणि त्याने बोचक्याची गाठ आपल्या हाताने सोडली.