मावलेला ठसा

सांगतो, पण तुमचा विश्वास बसणार नाही. या गिरणीच्या रांगेत आजवर एकाचाही बसलेला नाही. अनुसयाबाई तर डबा कडेवर घेऊन आधीच नाक मुरडतात. तरी दळण होईपर्यंत ऐकतात सगळे.

तर एक होतं जंगल. तिथे पावसाळ्यासाठी सगळ्यांनी मिळून मोहफुलांची कोठी भरलेली. एका सकाळी पाहतात तर कोठी साफ! दारातल्या चिखलात सुपाएवढं पाऊल, शेजारी काळे केस. आणि राजाचे मेहुणे, म्हणजे अख्ख्या रयतेचे मामासाहेब, जातिवंत अस्वल, झाडाला टेकून मोहाचे ढेकर देतायत.

सिंहमहाराजांनी उभ्या उभ्या कायदा केला. "आता काठी नाही, विज्ञान! प्रत्येक संशयिताच्या पायाचा ठसा घ्या, केस घ्या, थुंकी घ्या!"

सभेने शेपट्या आपटल्या.

साळूबाई नावाची साळिंदरीण होती, दोन पिल्लांची आई. ती भाबडेपणाने म्हणाली, "महाराज, मला मामासाहेबांचा संशय येतो."

कोतवाल होता तरस. तो खदखदून हसला. "संशय कुणाला आला, बाई?"

"मला."

"झालं! ज्याला संशय आला तो संशयित. धरा हिला!"

केसांचा नमुना म्हणून काटे उपटले. बाईचा पार दुधी भोपळा केला. थुंकी मागावी लागली नाही, ती आपणहूनच थुंकली. मग तिचं एवढंसं पाऊल चिखलातल्या त्या पावलात ठेवलं.

"मावलं!" तरस ओरडला. "अख्खं मावलं! वर जागा उरली, म्हणजे पुरावा गरजेपेक्षा जास्तच!"

निकाल लागला: साळूबाई हद्दपार, पिल्लं मामासाहेबांच्या देखरेखीखाली.

साळूबाई पिल्लांना पोटाशी धरून म्हणाली, "कायदा सगळ्यांना सारखा ना? मग एकदा मामासाहेबांचाही पाय लावून बघा की!"

सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज म्हणाले, "बाईचं म्हणणं रास्त आहे." मामासाहेब निमूट उठले. पाय ठेवला. तंतोतंत बसला. महाराजांनी स्वतःच्या हाताने मेहुण्याला बेड्या घातल्या, आणि साळूबाई पिल्लं घेऊन...

"ओ आजोबा!" अनुसयाबाईंनी डबा दाणकन आपटला. "साळिंदर बोललं, मानलं. पावलात पाऊल मावलं, तेही मानलं. ते तर पेपरात रोज मावतं. पण राजाच्या मेहुण्याला बेड्या? थापेलाही काही सुमार असतो!"