मंदीतला मळा, तेजीतला फ्लॅट

कल्याणपलीकडच्या आमच्या भागात घरांचा बाजार कसा आहे, हे विचारणारा घ्यायला आलाय की विकायला, ते पाहून सांगतात. माझं सिमेंटचं दुकान, त्यामुळे दोन्ही उत्तरं मला पाठ आहेत.

दसऱ्याला कारखानीस बिल्डरांकडे पेढे घेऊन गेलो होतो. एका नव्या जोडप्याला साहेब सांगत होते, "मेट्रो येतेय. दोन वर्षांत भाव दुप्पट!" जोडपं चेक लिहायला बाजूच्या सोफ्यावर बसलं.

तेवढ्यात बायजाबाई भोईर आल्या. त्यांच्या भाजीच्या मळ्यावर साहेबांना पुढची इमारत बांधायची होती. बाईंकडे त्या मळ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. साहेबांनी चेहरा पाडला, आवाजही. "काकू, बाजार पार बसलाय. निम्म्या भावात द्या. तेसुद्धा तुमच्याकडे बघून घेतोय."

"अरेरे! मग पैसे नकोतच," बाई म्हणाल्या. "मळ्याच्या बदल्यात फ्लॅट द्या. तेही निम्म्या भावातच ना?"

"छे! फ्लॅटचे भाव तर चढणार!"

"माझ्याच मळ्यावरच्या फ्लॅटचे? मग मेट्रो काय नुसत्या वरच्या मजल्यांसाठी येतेय? खालच्या जमिनीला तिच्यात जागा नाही?"

सोफ्यावरच्या पोरीचं पेन थांबलं. "साहेब, नक्की काय आहे? तेजी की मंदी?"

साहेबांनी एकदा चेककडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"तेजी हो, ताई! तेजीच!"

बायजाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मग लिहा, साहेब. तेजीचाच भाव लिहा."